वेगळे केले, पण गेले कुठे?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडले की डोलवीचा पोलाद कारखाना दिसू लागतो. उंच धुरांडी, कच्चा माल वाहणारे पट्टे, धरमतरच्या खाडीतून ये-जा करणारे बार्ज. पेण तालुक्यातल्या या पट्ट्यात आरोग्याचा विषय निघाला की तो बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपाशीच थांबतो. धूर किती, धूळ किती, ट्रक किती. पुढे रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथे चर्चा वासाची होते. वास आला तर तक्रार, नाही आला तर सारे ठीक.

गाळाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो दिसत नाही, उडत नाही, पोत्यात किंवा पिंपात भरलेला असतो. पण कारखाना पोलादाचा असो, औषधाचा असो की साखरेचा, त्यात कुठे ना कुठे घन पदार्थ आणि द्रव एकत्र येतात व पुन्हा वेगळे करावे लागतात. कोक भट्ट्यांच्या वायूत अमोनिया असतो. त्यापासून अमोनियम सल्फेट हे खत बनवतात आणि त्याचे स्फटिक द्रावणातून बाहेर काढावे लागतात. कोळशाच्या डांबरात बारीक कण राहतात. औषधाची भुकटी तयार होताना ती द्रावकात भिजलेली असते. सांडपाणी शुद्ध केल्यावर तळाशी गाळ उरतो. हे सगळे वेगळे करण्यासाठी जगभर वापरले जाणारे एक यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज. मराठीत त्याला अपकेंद्री यंत्र म्हणतात.

या यंत्राबद्दलचा एक समज आरोग्याला महागात पडू शकतो. पाण्यातून गाळ वेगळा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सेंट्रिफ्यूज काहीही नाहीसे करत नाही. एका वाटेने आत आलेले मिश्रण ते दोन वाटांनी बाहेर पाठवते, इतकेच. त्या दोन वाटा कुठे जाऊन संपतात, हे विचारले जात नाही. ते विचारण्याची सवय गावाला, कामगाराला आणि डॉक्टरला लागायला हवी.

तीन दिवसांचे काम काही सेकंदांत

घन आणि द्रव वेगळे करण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे वाट पाहणे. पावसाळ्यातले गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले की सकाळपर्यंत बराचसा गाळ तळाशी बसतो. पेण-उरणच्या मिठागरांत मीठ ओढून त्याची रास केली की राशीतले कडू पाणी आपोआप निथळून जाते. रुग्णालयातली ईएसआर ही तपासणीही याच तत्त्वावर चालते. उभ्या नळीत रक्त ठेवायचे आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचे. काम करते ते गुरुत्वाकर्षण.

गुरुत्वाकर्षणाची अडचण अशी की बारीक कणांपुढे त्याचे फारसे चालत नाही. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ मध्ये द्रवात बुडणाऱ्या कणाच्या वेगाचा नियम मांडला. कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या, मातीच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. तेही पाणी जराही हलले नाही तर. दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्याला इतका वेळ थांबता येत नाही आणि तेवढ्या मोठ्या टाक्यांसाठी जागाही नसते.

म्हणून गोफणीचे तत्त्व वापरले जाते. गोफण गरगर फिरवताना दगड सरळ रेषेत निसटून जाऊ पाहतो आणि दोरी त्याला आत ओढून धरते. वेग जितका जास्त, तितका हाताला ताण जास्त. सेंट्रिफ्यूजमध्ये दोरीच्या जागी ड्रमची भिंत असते. ड्रम वेगाने फिरू लागला की त्यातले जड कण भिंतीकडे जातात आणि हलका द्रव आतल्या बाजूला राहतो. अर्धा मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर भिंतीजवळच्या कणावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीच हजार पट असतो. फेरे दुप्पट केले तर हा जोर चौपट होतो. शिवाय ड्रममध्ये कणाला एक मीटर जायचेच नसते. द्रवाचा चार-पाच सेंटिमीटरचा थर ओलांडला की तो भिंतीशी पोहोचतो. मातीचा जो कण टाकीत तीन दिवस घेत होता, तो कागदावरच्या हिशेबाने इथे पाच-सहा सेकंदांत बाजूला होतो. प्रत्यक्षात मिश्रणाचा दाटपणा, तापमान आणि प्रवाह यांमुळे आकडे बदलतात, पण फरकाचा अंदाज यायला एवढे पुरे.

कारखान्यांत याचे दोन प्रकार मुख्यतः दिसतात. पहिला बास्केटचा. ड्रमच्या भिंतीला छिद्रे असतात आणि आतून जाळी किंवा कापड लावलेले असते. फिरताना द्रव छिद्रांतून बाहेर फेकला जातो आणि स्फटिक कापडावर अडकून राहतात. घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळले जातात ते असेच. दुसरा प्रकार डिकँटरचा. यात आडव्या ड्रमच्या आत एक लांब स्क्रू असतो. ड्रम आणि स्क्रू दोघेही एकाच दिशेने फिरतात, पण त्यांच्या वेगात थोडासा फरक ठेवलेला असतो. त्या फरकामुळे स्क्रू भिंतीवरचा गाळ हळूहळू एका टोकाकडे ढकलत नेतो, आणि द्रव दुसऱ्या टोकाने वाहून जातो. यंत्र न थांबवता हे काम सुरू राहते. बाहेर पडणाऱ्या घट्ट गाळाला कारखान्यात ‘केक’ म्हणतात. द्रवाला कुठे ‘मदर लिकर’ म्हणतात, कुठे ‘सेंट्रेट’.

साखर आणि रक्त

महाराष्ट्राला हे यंत्र नवे नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे राज्यभर असे कारखाने झाले आणि त्या प्रत्येकात सेंट्रिफ्यूगल मशीनची रांग आली. उसाचा रस आटवल्यावर साखरेचे कण आणि मळी यांचे दाट, तपकिरी मिश्रण तयार होते. ते बास्केटमध्ये फिरवले की मळी जाळीतून बाहेर जाते आणि साखर आत राहते. इथे दोन्ही वाटांचा हिशेब चोख असतो. साखरेची पोती मोजली जातात हे उघड आहे. मळीपासून मद्यार्क बनतो, म्हणून तिच्या साठ्यावर आणि वाहतुकीवरही राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लक्ष असते. मळीचा टँकर कारखान्यातून निघाला आणि कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. तिला किंमत आहे, म्हणून तिला पत्ता आहे.

दुसरे उदाहरण रक्तपेढीचे. दात्याने दिलेली रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी जड, त्या खाली जातात. प्लाझ्मा वर राहतो. प्लेटलेट वेगळ्या काढता येतात. एका पिशवीतून तीन रुग्णांना मदत होऊ शकते ती यामुळे. पण रक्तपेढीत खरी शिस्त सुरू होते ती यंत्र थांबल्यावर. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवायच्या आणि योग्य द्रावणात त्या ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवायच्या आणि पाच दिवसांत वापरायच्या. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवला तर वर्षभर चालतो. प्रत्येक पिशवीला क्रमांक, रक्तगट, तारीख, मुदत. वापरली गेली तर कोणाला, टाकून दिली तर का आणि कशी, याची नोंद. टाकून द्यायची पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, आणि २०१६ च्या नियमांनुसार त्या पिवळ्या पिशवीवरही बारकोड असतो.

साखर कारखान्यातली शिस्त पैशामुळे आली. रक्तपेढीतली शिस्त जीव जाण्याच्या भीतीमुळे आली. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच, तत्त्वही तेच. मग जो केक विकला जात नाही आणि ज्याच्यामुळे लगेच कोणी दगावतही नाही, त्याला ही शिस्त कोण लावणार? औद्योगिक गाळाबाबत अडचण आहे ती इथेच.

गाळ घटला, विष तेवढेच

सांडपाण्याच्या गाळाचा एक साधा हिशेब करून पाहावा. १०० टन पातळ गाळात दोन टक्के घन पदार्थ आहेत, म्हणजे दोन टन. उरलेले ९८ टन पाणी. डिकँटरने तो घट्ट केला आणि केकमध्ये २० टक्के घन पदार्थ आले, तर केकचे वजन दहा टन भरते. १०० टनांचे दहा टन झाले. वाहतूक स्वस्त झाली, जागा वाचली, अहवालात ‘गाळ ९० टक्क्यांनी घटला’ असे लिहिता आले. पण घन पदार्थ दोन टन होते ते दोन टनच आहेत. त्यांत शिसे किंवा क्रोमियम असेल, डांबराचे अंश असतील, तर तेही जवळपास तेवढेच आहेत, आता एका टनात दहापट दाट. शिवाय ‘सुका’ म्हणवणाऱ्या या केकमध्ये अजून ८० टक्के पाणी आहे. तो ओल्या मातीसारखा असतो.

द्रवाच्या वाटेचेही असेच आहे. सेंट्रिफ्यूज फक्त न विरघळलेले कण बाजूला काढतो. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांवर त्याचा काही परिणाम होत नाही. मिठाचे पाणी कितीही गरगर फिरवले तरी या यंत्रात मीठ खाली बसत नाही. कोक भट्ट्यांच्या सांडपाण्यात फिनॉल, अमोनिया आणि सायनाइड ही संयुगे विरघळलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळी, बहुतेक वेळा जीवाणूंच्या साह्याने होणारी, प्रक्रिया लागते. यंत्रातून निघालेले पाणी स्वच्छ दिसते, म्हणून ते निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या विहिरीच्या पाण्यातूनही कावीळ पसरते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. यंत्राच्या हातून निसटतात ते सर्वांत बारीक कण. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त, आणि जड धातू व तेलकट पदार्थ चिकटतात ते पृष्ठभागालाच. त्यामुळे निसटलेला गाळ वजनाने थोडा असला तरी त्याच्यावर बसलेले विष त्या मानाने थोडे नसते. म्हणून गाळात आधी पॉलिइलेक्ट्रोलाइट मिसळून कणांचे पुंजके करतात. घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तसे. हे रसायन कमी पडले किंवा यंत्रात एकाच वेळी जास्त गाळ सोडला, तर बारीक कण द्रवाबरोबर पुढे जातात. खाडीच्या तळाशी बसणाऱ्या चिखलात कोलंबी, खेकडे आणि शिंपल्यांचे अन्न असते. तिथून ते ताटात यायला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही.

आणि चौथी गोष्ट पावसाची. रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा ठिकाणी गाळ उघड्या वाफ्यांत उन्हावर वाळवणे जमत नाही, म्हणून सेंट्रिफ्यूज कोकणासाठी खरोखर उपयोगाचा आहे. पण त्यातून निघालेला केक शेडबाहेर ढीग करून ठेवला, तर जूनचा पहिला मोठा पाऊस त्याला पुन्हा पातळ करतो आणि नाल्याला लावतो. वीज खर्चून, रसायन घालून वेगळे केलेले पुन्हा एक होते. मग यंत्र कितीही महागाचे असले तरी ते नसल्यासारखेच.

झाकण उघडणारा हात

गाळ बाहेर कुठे जातो हा गावाचा प्रश्न. पण त्याआधी तो यंत्रातून काढतो कोण, हाही प्रश्न आहेच. मोठ्या डिकँटरमधून केक आपोआप पडतो. छोट्या रासायनिक आणि औषधी कारखान्यांत मात्र वरून उघडणारे बास्केट सेंट्रिफ्यूज आजही वापरात आहेत. यंत्र थांबले की कामगार झाकण उघडतो, वाकतो आणि फावड्याने किंवा हाताने ओला केक खरवडून काढतो. केक भिजलेला असतो तो टोल्युइन, मिथेनॉल, ॲसिटोन यांसारख्या द्रावकात. झाकण उघडताच वाफ तोंडावर येते. पाळीत हे अनेकदा करावे लागते.

या वाफेचे परिणाम सावकाश दिसतात आणि ते इतर आजारांसारखे दिसतात. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, दारू न पिता झिंग आल्यासारखे वाटणे, हातांची त्वचा कोरडी पडून फाटणे. टोल्युइनचा त्रास मज्जासंस्थेला होतो. मिथेनॉल शरीरात जास्त गेले तर त्यापासून तयार होणारे फॉर्मिक ॲसिड डोळ्याच्या नसेला इजा करते. रंग बनवण्यासाठी लागणारी ॲनिलीनसारखी रसायने कातडीतूनही शरीरात शिरतात आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतात. तेव्हा ओठ आणि नखे निळसर दिसतात. बेन्झीनचा संबंध दीर्घकाळ आला तर परिणाम थेट अस्थिमज्जेवर होतो. कोक निर्मितीच्या कामाचा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गटात समावेश केला आहे.

धोका फक्त रसायनाचा नाही. वेगाने फिरणाऱ्या ड्रममध्ये स्थिर वीज तयार होते, आणि द्रावकाची वाफ व हवा यांचे मिश्रण एका ठिणगीने पेटते. म्हणून ड्रममध्ये नायट्रोजन सोडून प्राणवायू कमी ठेवावा लागतो आणि यंत्राला नीट अर्थिंग लागते. माल एका बाजूला जास्त साठला तर यंत्र हादरू लागते. ड्रम पूर्ण थांबण्याआधी झाकण उघडताच येऊ नये, यासाठी इंटरलॉक असतो. उत्पादनाची घाई असली की हाच इंटरलॉक तारेचा तुकडा लावून निकामी केला जातो, आणि हात अडकण्याचे अपघात होतात ते अशाच वेळी.

प्रयोगशाळेतल्या छोट्या सेंट्रिफ्यूजसाठी एक नियम तंत्रज्ञांना शिकवला जातो. आत नळी फुटल्याचा संशय आला तर यंत्र बंद करून झाकण तसेच बंद ठेवायचे आणि सुमारे अर्धा तास थांबायचे, म्हणजे हवेत उडालेले जंतू खाली बसतात. चार नळ्यांच्या यंत्रासाठी एवढी काळजी घेतली जात असेल, तर द्रावकाने भरलेल्या बास्केटपाशी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला वाफ ओढून घेणारा पंखा, योग्य मुखवटा आणि खालून माल पडणारे बंद यंत्र मिळायला हवे. ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. असे बंद सेंट्रिफ्यूज बाजारात आहेत. ते महाग आहेत, हेही खरे.

एक जुना प्रश्न

बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारताना आणखी एक विचारावा, असे त्याने सांगितले : तुझा व्यवसाय काय? सव्वातीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न नीट विचारला जातो असे म्हणता येत नाही. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. त्यात ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ एवढेच भरले जाते. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात, त्यामुळे डोकेदुखीला गोळी आणि मळमळीला पित्ताचे औषध देऊन रांग पुढे सरकते.

पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो वा खासगी, तीन प्रश्नांची सवय लावून घेतली तर बरेच काही बदलेल. कोणत्या यंत्रावर काम करता? हाताला आणि नाकाशी काय येते? सुटीच्या दिवशी बरे वाटते का? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. आठवड्याची सुटी घेतल्यावर कमी होणारा आणि कामावर परतताच वाढणारा त्रास हा व्यवसायजन्य आजाराचा मोठा संकेत असतो. ठराविक व्यवसायजन्य आजार आढळले तर डॉक्टरने ते कारखाना निरीक्षणाच्या यंत्रणेला लेखी कळवावे, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनची आहे. अनेक डॉक्टरांना ती आठवत नाही. आजार नोंदलेच गेले नाहीत तर ते कागदावर नसतात, आणि कागदावर नसलेल्या आजारासाठी कोणी यंत्र बदलत नाही.

कागद आहेत, वाचणारे हवेत

या बाबतीत कायदे नाहीत अशी तक्रार करता येणार नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे कारखानदारावर बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानुसार धोकादायक रसायने व कचऱ्याची माहिती देणारा फलक कारखान्याच्या मुख्य फाटकाबाहेर लावावा लागतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत कोक भट्टी प्रकल्पातला डांबराचा गाळ आहे, तसाच सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळही आहे. असा कचरा कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो बाहेर नेताना सात प्रतींचे मॅनिफेस्ट भरावे लागते. निघाला कुठून, नेला कोणी, पोहोचला कुठे, हे त्यावरून कळते. तळोज्याला अशा कचऱ्यासाठी विल्हेवाट केंद्रही आहे. रक्ताच्या पिशवीला जसा क्रमांक असतो, तसा केकलाही कागदावर दिलेला आहे.

उणीव आहे ती हे कागद वाचणाऱ्यांची. प्रत्येक कारखान्याच्या संमतिपत्रात कोणता घातक कचरा किती निघेल आणि तो कुठे जाईल याचा तक्ता असतो, आणि ही पत्रे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. शिवाय दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यावे लागते. त्यात प्रत्यक्ष किती गाळ निघाला ते असते. हे दोन कागद शेजारी ठेवले तर दहावी झालेल्या मुलालाही हिशेब लावता येईल. उत्पादन वाढले आणि गाळ मात्र कमी झाला, तर का, हे विचारता येईल. कधी उत्तर चांगलेही असेल. पोलाद कारखान्यांत लोहयुक्त गाळ पुन्हा सिंटरच्या मिश्रणात वापरला जातो आणि डांबराचा गाळ कोळशात मिसळून भट्टीत परत घालता येतो. काही प्रकारचा गाळ सिमेंटच्या भट्टीत जाळतात. असे होत असेल तर त्याचे कौतुकच व्हावे. पण ते कागदावर दिसायला हवे.

उद्योगांची बाजूही ऐकायला हवी. डोलवी आणि धाटावने हजारो घरांना रोजगार दिला आहे, आणि कारखाने हवेत की नकोत हा इथे वाद नाही. सेंट्रिफ्यूज ही सुधारणा आहे, हेही मान्य करावे लागेल. गाळाची उघडी तळी, त्यांचा वास आणि गळती यांपेक्षा तो शंभरदा बरा. लहान कारखानदार म्हणतो की बंद यंत्राचा खर्च त्याला झेपत नाही. ते खरे असेल, तर अशा यंत्रासाठी सवलतीच्या कर्जाची मागणी औद्योगिक संघटनांनी सरकारकडे करावी. सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली ती खर्च वाटून घेता येतो म्हणूनच. मात्र खर्च झेपत नाही म्हणून कामगाराने वाफ हुंगावी, हा तोडगा असू शकत नाही.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यांना नवा कायदा लागत नाही. फाटकावरचा फलक मराठीत, ताज्या आकड्यांसह आणि रस्त्यावरून वाचता येईल असा असावा. केकचा प्रत्येक ढीग छपराखाली, पक्क्या फरशीवर असावा आणि त्यावर निघाल्याची तारीख असावी. इंटरलॉक निकामी केलेले यंत्र चालवायला नकार देणाऱ्या कामगाराची नोकरी जाऊ नये. रुग्णालयांनी केसपेपरवरचा व्यवसायाचा रकाना खरोखर भरावा.

आणि ग्रामसभांनी वर्षातून एकदा, मे महिन्यात, परिसरातल्या कारखान्यांना एकच प्रश्न लेखी विचारावा : गेल्या वर्षभरात यंत्रांतून निघालेला गाळ आज कुठे आहे? जूनमध्ये पाऊस सुरू झाला की अंबा आणि कुंडलिका या नद्या दुथडी भरून वाहू लागतात आणि जे उघड्यावर आहे ते खाडीकडे नेतात. उत्तर त्याआधी यायला हवे.